सपातेला पाणी

मेहुण्याने कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली आणि तिच्या बुडावर दोन चापट्या मारल्या, तेव्हाच तराजूकाकांना कळलं की आता काही खरं नाही.

"दाजी, हे काय हो?" बाहेर पडलेला ढीग बोटाने उकरत मेहुणा म्हणाला. "लाकडाच्या ढलप्या, कोळसा, पांढरे खडे... झाड लावलं होतं की शेगडी पेटवायची होती? मातीचा कण नाही! ताई, बघ, उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला."

"तुझ्या हाताला गुण आहे बाबा, तूच बघ काय ते," काकू म्हणाल्या.

तराजूकाका खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. बसवले होते, असं म्हणणं जास्त अचूक. उभी नोकरी वजनमापे खात्यात, दुकानदारांचे काटे तपासण्यात गेली, म्हणून गल्लीने त्यांना तराजूकाका केलं होतं. मग एके दिवशी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली आणि लिहायला अक्षरंही जुळेनात. समजायचं सगळं. पण सांगायला जावं तर तोंडातून नुसतं "ता, ता" निघायचं, आणि घरचे मान डोलावून म्हणायचे, "हो हो, तेच."

मेहुणा मदतीला म्हणून मुक्कामाला आला होता. माणूस सोन्यासारखा. काकांना उचलून बसवायचा, दाढी करायचा, विनोद सांगायचा. फक्त रिकामं बसणं त्याला जमायचं नाही.

ते झाड म्हणजे स्लिपर ऑर्किड. फुलाची खालची पाकळी सपातेच्या टोकासारखी फुगीर आणि पोकळ, म्हणून घरात नाव पडलं सपात. खरं तर या सपातेचं फूल अजून कुणी पाहिलंच नव्हतं. नखाएवढं रोप काकांनी आणलं होतं आणि वर्षानुवर्षं त्याने पानांवरच बोळवण केली होती. काका आजारी पडल्यावर मात्र पानांच्या बेचक्यातून एक कळी वर आली, हिरवट, बारीक लव असलेली. सकाळी डोळे उघडले की काका आधी तिच्याकडे बघत. ती कुठवर आली ते पाहिलं की मग गोळ्या, व्यायाम, चमच्याने भरवून घेणं, सगळं सोसवायचं.

या झाडाला पाणी साठवून ठेवायला गाठी नसतात, म्हणून मुळं कोरडी पडून चालत नाहीत. आणि मुळांना हवा लागते, म्हणून चिखलही चालत नाही. त्या ढलप्या म्हणजे सालीचे निवडून घेतलेले तुकडे होते. त्यांच्यामधल्या फटी हीच खरी त्या मिश्रणातली किमती वस्तू. पाणी कधी घालायचं, हेही वारावर ठरत नसे. काका कुंडी उचलत; ती हलकी लागली, पण अगदी पिसासारखी नाही, की घालत. हे त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. कुणी कुंडीला हात लावलेलाच त्यांना खपत नसे.

"ता! ता ता!" काका ओरडले.

"हो हो, दाजी, मस्त काळी माती आणलीय. वांगी अशी धरतात तिच्यात!" मेहुण्याने झाड मातीत बसवलं आणि दोन्ही अंगठ्यांनी ती गच्च दाबली. वरून तांब्याभर पाणी घातलं.

दुपारी काकांनी डाव्या हाताने उशाशी ठेवलेल्या दगडी पाटीकडे खूण केली. पाटीवर त्यांनी कुंडी काढली, वरून पडणारे थेंब काढले आणि सगळ्यावर मोठी फुली मारली. डावा हात, त्यात सवय नाही. रेषा पाटीभर पळाल्या.

काकूंनी पाटी उजेडात धरली. "काय बरं हे? बादली?"

"आणि हे थेंब," मेहुणा म्हणाला, आणि एकदम उठला. "अगं ताई, कळलं! भांडं आण, लवकर!"

काका "ता, ता" करत राहिले, आणि त्या दोघांनी मोठ्या मायेने त्यांच्याखाली भांडं सरकवलं.

झाडाचं पुढे काय होणार, हे काकांना पाठ होतं. मुळं आधी आत, कुणाला न दिसता कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं लुळी पडतात, अगदी तहानलेल्या झाडासारखी. काही आठवड्यांनी तसंच झालं.

"ऊन लागलं वाटतं," काकू म्हणाल्या आणि सकाळच्या पाण्यावर संध्याकाळचंही सुरू केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! कळी अजून उभी होती, पण तिची मान किंचित कलली होती.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी काकांची नजर कुठे असते ते हेरलं. "आजोबांना झाडाची आवड दिसते. मग झाडाला पाणी त्यांनाच घालू द्या. डाव्या हाताला व्यायाम होईल."

काकूंनी कुंडी स्टुलावर ठेवून पलंगाला लावली. कप अर्धा भरून काकांच्या हातात दिला.

काकांनी कप धरला. किती तरी दिवसांनी एखादी गोष्ट करणं न करणं त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी कप उचलला, नीट तोलला, आणि सावकाश स्वतःच्या मांडीवर ओतला.

"अगं बाई! सगळी चादर भिजली!" काकूंनी लगबगीने चादर ओढली, धोतर बदललं. "असू दे हं. पहिल्यांदा व्हायचंच असं. तुमच्या वाटचं मी घालते."

त्या दुसरा कप भरून आल्या. कुंडीकडे वळल्या तसा काकांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. जेवढी ताकद अंगात होती तेवढी सगळी पंज्यात आणली.

काकू थबकल्या. मनगटाकडे, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत त्या हळूच पलंगाच्या कडेवर बसल्या. एवढ्या संसारात या माणसाने आपणहून हात धरल्याचं त्यांना आठवत नव्हतं. डोळे भरून आले.

"ता," काका म्हणाले. "ता."

"कळतं हो मला," काकू पुटपुटल्या. "सगळं कळतं."

काकांनी आणखी घट्ट धरलं. हात असाच धरून ठेवला तर निदान आजचं पाणी टळेल.

काकूंनी कप दुसऱ्या हातात घेतला आणि आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारली, "अरे, जरा इकडे ये रे! तेवढं सपातेला पाणी घाल. यांनी माझा हात धरलाय, मला उठवत नाही."

"आलो, आलो!" मेहुणा आला. "वा, दाजी! या वयात?" त्याने ताईच्या हातातून कप घेतला, पण त्यातलं पाणी त्याला अगदीच बेताचं वाटलं. तो स्वयंपाकघरात जाऊन तांब्या भरून आला.

पाणी पडल्याचा आवाज काकांनी ऐकला. तिकडे त्यांनी पाहिलं नाही. आता मनगट सोडायला हरकत नव्हती. पण काकू त्यांच्या बोटांवरून अंगठा फिरवत होत्या, आणि काकांनी ते धरूनच ठेवलं.