सूर्य बुडायच्या आत

"देश म्हणजे एक मोठी जिनिंग फॅक्टरी आहे!" हुकूमचंदांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि मागून आलेल्या बकरीनं त्यांच्या गळ्यातला अर्धा झेंडू ओढून नेला.

बंजाऱ्यांचा तांडा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. लिंबाखालचे पुरुष तांड्याच्या प्रमुखाकडे, सोमला नाईकाकडे बघत होते, आणि सोमला नाईक चिलमीकडे.

जिल्हा परिषदेची पोटनिवडणूक पुढच्या महिन्यावर आली होती. आसपासच्या गावांतली मतं हुकूमचंद आणि समोरचा उमेदवार यांच्यात सारखी वाटली गेली होती. हा तांडा ज्याचा, खुर्ची त्याची. तांड्याची रीत साधी होती. नाईक ज्याच्यासोबत एका तांब्यातलं पाणी पितो, साऱ्यांचं मत त्याला.

अडचण सूर्याची होती. हुकूमचंद जैन; दिवस मावळल्यावर ते पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि सूर्य टेकडीला टेकला होता.

"बोला शेठ," सोमला म्हणाला.

"माह्या बापानं सरकी काढाच्या एका चरकीवर धंदा मांडला. आज वाशिमात दोन जिनिंग हायेत. इथं तेलाची मिल टाकतो. सरकी तुमच्या दारात पिळू. मंग कामासाठी कोणाले मुलूख सोडा लागणार नाई."

"इथं तं लाईट बी नाई," नाईकाचा पुतण्या रतनसिंग म्हणाला.

"मिल आली का लाईट येते."

"आन् लाईट नसन तं मिल कशी येईन?"

"धंद्याची हेच तं गंमत हाय!"

गंमत कोणाला कळल्याचं दिसलं नाही. मुनीम जिनदास कानाशी वाकला.

"शेठजी, दिवस बुडून राह्यला."

"नाईक, ते पाण्याचं…"

"घाई कायची? इचार करून राह्यलो ना."

सोमलानं चिलीम पुन्हा भरली. टेकडीमागे नुसती लाली उरली, तीही विझली. मग तो उठला. त्याच्या बायकोनं, रुपाबाईनं, तांब्या आणून दिला. सोमला दोन घोट प्यायला आणि त्यानं तांब्या पुढे केला.

जिनदासनं पाणी गाळायचं फडकं अर्धवट बाहेर काढलं आणि परत खिशात कोंबलं. हुकूमचंदांनी एकदा पश्चिमेकडे पाहिलं. घरी बायकोनं, कंचनबाईंनी, माठावर झाकण घातलं असेल. त्यांनी डोळे मिटले आणि तांब्या तोंडाला लावला.

"झालं," सोमला म्हणाला. "जबान दिली. तांड्यातलं एक बी मत दुसरीकडं जाणार नाई."

हुकूमचंदांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिनदास मान फिरवून लिंबाची पानं बघू लागला.

तेवढ्यात माणसं उठली. झोपड्यांतून गाठोडी, भांडी, कोयते बाहेर येऊ लागले.

"हे कायचं गाठोडं?" हुकूमचंदांनी विचारलं.

"ऊस तोडाले चाललो ना सारे. मुकादम टेसनावर थांबला हाय. आता होळीलेच वापस," रतनसिंग म्हणाला.

हुकूमचंदांनी बोटांवर महिने मोजले. मतदान पुढच्या महिन्यात, होळी चार महिन्यांनी.

सोमला जवळ आला. इतका वेळ ताठ बसलेला माणूस, आता जरा संकोचला.

"शेठ, एक बोलू? तुमची जीप वाशिमालेच जाते ना? आमची बुढी माय लय चालू नाई शकत. टेसनापर्यंत सोडता काय तिले? संग एक कोंबडी हाय, पण ते मांडीवर धरून बसन."