अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, कपाटावर पडलेले हे दोन वाकडे पत्रे पाहून तुम्ही मला भंगार समजाल. समजा खुशाल! पण हे दोन पत्रे म्हणजे मी एकटीच आहे, एक जुनी जोडपट्टी.

मला घडवलं ताईंनी. प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. पत्रे घासले, पुसले, मध्ये गोंद लावला आणि भट्टीत तापवले. खिळा नाही की स्क्रू नाही, याचा मला भारी तोरा होता.

माझ्या टोकाला नाण्याएवढी चकती लावत. ती थरथरली की कानाला ऐकू न येणारा आवाज लाटेसारखा माझ्या अंगातून धावे आणि पलीकडची चकती तो टिपून घेई. जोड कच्चा असला की लाटेची चाल बदलते. ताईंनी संगणकात माझी हुबेहूब जुळी बहीण केली होती. तिच्या अंगातून आकड्यांची लाट धावायची. आम्हा दोघींच्या लाटा जुळल्या, की त्याच हिशेबाने बचावबोटींचे जोड तपासायचे होते. त्यातल्या एका बोटीवर ताईंचा धाकटा भाऊ जाणार होता. तो दारातूनच ओरडे, "ताई, झाली का गं माझी बोट पास?"

पण कुठेतरी माशी शिंकली. उजव्या कोपऱ्यावरून जाणारी माझी लाट जुळीच्या लाटेपेक्षा किंचित उशिरा पोहोचू लागली.

"अगं, संगणकात तेवढ्या कोपऱ्यापुरता गोंद मऊ धर," ताईंचे सर म्हणाले. "आकडा बदल, जुळेल सगळं."

ताईंनी आकडा बदलला आणि जुळलंही. माझं केवढं कौतुक झालं! मी मात्र आतून कळवळत होते. त्या कोपऱ्यात गोंद मला नुसता टेकला होता, त्याने मला धरलेलं नव्हतं. पण पत्र्याचं कोण ऐकतो?

भाऊ पुन्हा आला. "आता तरी झाली ना पास?"

ताईंच्या तोंडून हो निघेना. त्या तडक सरांकडे गेल्या. "सर, गोंद एकाच डब्यातला. मग हाच कोपरा मऊ कसा? उद्या बोटीत लाट अशीच उशिरा आली, तर आपण तिलाही ठीक म्हणणार!"

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग पट्टी उकलावी लागेल. हिचं काम संपलं समज."

"बोटीत माणसं बसणार आहेत, सर."

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? यंत्राने मला फाडलं. सगळीकडे गोंद तुटून दोन्ही पत्र्यांना चिकटून राहिला होता. फक्त त्या कोपऱ्यात एक गुळगुळीत ठिपका होता आणि त्यावर बारीक रेघा. ताईंनी हळूच आपला अंगठा त्यावर टेकवला. तो बरोबर बसला.

"माझाच," त्या म्हणाल्या. "पुसून झाल्यावर हात लागला माझा. बोटाचं तेल राहिलं, तिथे गोंद धरलाच नाही."

सरांनी स्वतः जाऊन तो मऊ आकडा खोडला. मग बोटी तपासल्या, तर भावाच्याच बोटीत एक जोड तसाच निघाला.

"झाली पास?" त्याने विचारलं.

"नापास!" ताई हसल्या, पण डोळे पुसत. "परत चिकटवतायत."

तेव्हापासून मी इथे पडून आहे. धूळ बसते, त्याचं वाईटही वाटतं. पण मित्रांनो, एक ऐका. तुमच्या शेजारचं कुणी हाकेला जरा उशिरा ओ देऊ लागलं, तर चालायचंच म्हणून सोडून देऊ नका. मला फाडून पाहावं लागलं. माणसाला जवळ बसून विचारलं, तरी पुरतं.