मुरब्याच्या नामदेवची कंपनी

मुरबे या किनाऱ्यावरच्या गावचा नामदेव मेहेर बोटींचे पितळी पंखे ओतायचा. तारापूरच्या एका कारखान्यात सात वर्षं भट्टीवर राबून तो ही विद्या शिकला आणि मग बोईसरला पत्र्याच्या शेडमध्ये त्याने स्वतःची भट्टी पेटवली. एरवी पंखा मोडला की मुंबई गाठावी लागे. आता किनाऱ्यावरचे लोक नामदेवकडे येऊ लागले.

१९८६ साली मोठी भट्टी घ्यायची ठरली तेव्हा बँकेने सुचवलं, कंपनी करा. म्हणून नामदेव बायकोला, जमनाला घेऊन पालघरला चार्टर्ड अकाउंटंट कमलाकांत सावे यांच्याकडे गेला.

"प्रायव्हेट लिमिटेडला दोन माणसं पुरतात," कमलाकांत म्हणाले. "तुम्ही आणि वहिनी. उद्या धंदा बुडाला तर कंपनीचं जाईल. तुमच्या घराला, होडीला धक्का नाही."

"घर वाचतं, हे बरं हाय," जमना म्हणाली.

नामदेवने मात्र विचारलं, "साहेब, माजा पंखा भर समुद्रात तुटला, तर लोक मला धरतील का कंपनीला?"

"कायद्यानं कंपनीला."

"कंपनीला पोवता येतं काय?"

कमलाकांतांना हसू आलं. कागद तयार झाले. कंपनीसाठी आधी सुचवलेली दोन नावं नाकारली गेली, तिसरं मंजूर झालं, आणि नवराबायको दोघंही डायरेक्टर झाले.

तीन वर्षांनी, जानेवारीत, रामू तांडेलच्या बोटीचा, नामदेवनेच ओतलेला पंखा भर समुद्रात तुटला. चार माणसं दीड दिवस वाऱ्यावर होती. दुसऱ्या बोटीने त्यांना सुखरूप ओढून आणलं. नामदेवने तुटका पंखा हातात घेतला. तुटलेल्या जागी हरभऱ्याएवढी पोकळी होती. त्याच ओतणीतले आणखी अकरा पंखे बोटींवर फिरत होते.

त्याने कमलाकांतांना फोन केला.

"लेखी काही देऊ नका," ते घाईने म्हणाले. "रामूशी कंपनीतर्फे मी बोलतो."

"रामूशी मी बोललो, साहेब. आता बाकीचे अकरा बदलायचे."

"सगळे? अहो, कंपनी बसेल!"

जमनाने फोन हातात घेतला. "बसली तर परत उठवू. तुमी येताय काय नवापूरच्या किनाऱ्याला, पहिला पंखा काढायला?"

त्यांना अडवायचंच, असं ठरवून कमलाकांत गेले. ओहोटीमुळे सुका तांडेलची बोट चिखलात कलली होती आणि म्हातारा सुका पंख्यापुढे उभा होता.

"चांगला चाललाय. नको काढू."

"काका, बोटीवर तुमची दोन पोरं जातात ना?" नामदेवने विचारलं.

सुका बाजूला झाला. पण नट गंजून घट्ट बसला होता आणि भरती लागायची वेळ झाली होती. नामदेव एकटा जोर लावत होता, जमनाने पंखा धरून ठेवला होता. कमलाकांतांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पान्याचं दुसरं टोक धरलं.

आठवड्यात अकराही पंखे बदलून झाले. नामदेवने काढलेले सगळे करवतीने कापले. दोन पंख्यांत पोकळी निघाली. सुकाचा मात्र निर्दोष होता.

त्या वर्षी कंपनी जेमतेम तगली. माझा चांगला पंखा त्या वेड्याने कापून टाकला, असं सुका डहाणूपर्यंत सांगत फिरला. ऐकणारे नवा पंखा घ्यायला नामदेवकडेच गेले.