पहिला गोळा

भट्टी चालवणारे काका काम सुरू करताना एकच ओळ गुणगुणत: पहिला गोळा हवेला, दुसरा गोळा कामाला. टायटॅनियम वितळलं की हवेतला प्राणवायू अधाशासारखं पितं. प्यालेलं टायटॅनियम बळकट होतं खरं, पण ठिसूळही होतं. म्हणून बंद भट्टीत आधी एक बिनकामाचा गोळा वितळवायचा. उरलीसुरली हवा त्यानं गिळायची, मग कामाचा धातू चोख उतरतो.

धातूचं मिश्रण प्रयोगशाळेतल्या ताईंनी योजलेलं. भार पेलेल इतकं भक्कम, आणि वेळ आली तर लवेल, पण तुटणार नाही. त्यातून खुब्याचे कृत्रिम सांधे घडणार होते. चाचणीच्या पहिल्या रुग्णांत काकांची बायको होती. तिचा आधी बसवलेला सांधा जिना उतरताना मोडला, तेव्हापासून ती अंथरुणावर.

नव्या धातूचा नमुना ताणायच्या यंत्रात धरला. बळाचा आकडा चढत गेला, आजवर कधी गेला नव्हता इतका. सगळे हरखले. मग टक्कन आवाज झाला. तुटताना तुकडा मधे जराही बारीक झाला नाही. मोडेन पण वाकणार नाही, असली त्याची जात. लांबण्याचा आकडा किमान मर्यादेला जेमतेम शिवला होता. कागदावर पास.

सगळे चहाला गेल्यावर ताईंनी हळूच विचारलं, "काका, पहिला गोळा नवा होता ना?"

काका भट्टीची काच पुसत राहिले. "जुनाच. पोट भरलेला."

नवा ठेवायचा तर भट्टी उघडा, पुन्हा हवा उपसा. सांधे घडवणाऱ्यांची गाडी चुकली असती, मग पुढच्या खेपेपर्यंत वाट बघणं आलं. घरी बायको रात्र रात्र कण्हते, तोंडात पदर धरून. हे सगळं त्यांनी काचेलाच सांगितलं.

"पास तर झालाय," ताई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "पाठवू?"

काकांनी फडकं खाली ठेवलं.

"नको, ताई. कुणाच्या तरी अंगात बसायचंय ते."

गाडी रिकामीच गेली. संध्याकाळी काकांनी बायकोच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, आपली घाईसुद्धा.

"एवढी घाई कशाला केलीत?" ती म्हणाली. "मी कुठं पळून चाललेय?"

काकांना हसता आलं नाही. तिच्या पायाखालची उशी सरकली होती; पाय दोन्ही हातांवर तोलत त्यांनी ती नीट केली.