पुढची गादी

"काम काऊन पायजे, काकू?"

भूपेंद्रशेठनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच मान हलवली. "समजते मले. रूपरावकाका गेले, तुमी एकट्या. हात अडत असन. आपल्या दुकानानं आजवर गरजू बाईले परत नाई पाठवलं."

नलू चहाचा कप धरून समोर बसली होती. हिंगणघाटच्या भर बाजारातलं साड्यांचं दुकान, काचेच्या दारावर कागद चिकटवलेला: 'कामासाठी महिला पाहिजे'. तो वाचूनच ती पायऱ्या चढली होती.

"हात नाई अडत," ती म्हणाली. "ह्यायची पेन्शन येते. पोरगा रजत पुण्याहून पाठवते ते वेगळं. खाऊन-पिऊन बरी हाय मी."

शेठची पंचाईत झाली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या दयेला समोर वाकलेली मान लागायची, आणि ही बाई तर ताठ बसलेली.

"मंग?"

"मले त्या गादीवर बसायचं हाय."

तिनं बोट दाखवलं ती दुकानातली पुढची गादी, पांढऱ्या चादरीची. लग्नाचे बस्ते तिथंच व्हायचे. तिथं बसून सचिन नावाचा सेल्समन शालू स्वतःच्या शर्टावर गुंडाळून, मिशीखालून पदर काढून दाखवायचा, आणि नवऱ्यामुली तोंडाला रुमाल लावून हसायच्या. मागच्या बाजूला एक खोली होती. फॉल-पिको, घड्या, लेबलं. कागदावरची 'महिला' त्या खोलीसाठी हवी होती.

"मागं बसा ना आरामात," शेठ म्हणाला. "पुढं लग्नाचं काम राह्यते, काकू. मी नाई मानत हे सारं. गिऱ्हाईक मानते." त्याची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि लगेच खाली आली. मग त्याला युक्ती सुचली. "नाई त एक करा. टिकली लावत जा दुकानात. कोणाले काय समजते?"

नलूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रूपराव गेल्यावर वर्षभरानं एका सकाळी तिनं मरून रंगाची बारीकशी टिकली लावली होती, तर थोरल्या जावेनं मोरीतच हात धरला. लोक काय म्हणतील! ती टिकली अजून मोरीतल्या आरशाला चिकटलेली आहे. घरातल्यांना ती चालत नव्हती, आणि शेठला गल्ल्यासाठी चालत होती.

ती बोलणार तेवढ्यात दार ढकलून चार-पाच बायका आत आल्या. पुढं अनुसयाबाई, नवरीची आत्या. मागं नवरी, आचल. सचिन जेवायला गेला होता, म्हणून शेठ स्वतःच गादीवर चढला आणि लाल शालूंचा ढीग लावला. आत्या पदर चोळून पाहत होती, भाव पाडत होती, आचलच्या खांद्यावर टाकून "छान दिसते" म्हणत होती. आचल हूं का चूं करत नव्हती. ती फक्त वरच्या फळीकडे बघत होती. परत परत, तिथंच.

नलूला राहवलं नाही. कप खाली ठेवून ती गादीवर चढली आणि वरचा जांभळा शालू ओढून काढला. आधी स्वतःच्या खांद्यावर सोडला, मग आचलच्या.

"आरशात पाह्य, बाई."

आचलनं पाहिलं. "आत्या, मले हाच पायजे." दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

आत्याही खूश झाली. "काकूची नजर चांगली हाय हो! काय करते तुमचे मिस्टर?"

गादीवरूनच शेठनं डोळे मोठे केले. सांगून टाका काहीही, असा त्या डोळ्यांचा अर्थ होता. एक शब्द पुरला असता.

"ते नाईत," नलू म्हणाली. "वारले."

आत्या काही वाईट बोलली नाही. तिनं शालू दोन बोटांनी पोरीच्या खांद्यावरून उचलला आणि बाजूला ठेवला. "शेठ, लालच दाखवा." आचलनं मान खाली घातली.

नलू तो शालू मांडीवर घेऊन घडी घालू लागली. घडी नीट होईना. तिनं ती रागानं मोडली आणि परत घालू लागली.

"काम काऊन पायजे म्हणून विचारलं ना, शेठ? आता ऐका. माझा बस्ता याच गादीवर झाला. तुमचे बाबा बसले होते तवा. सारा गोतावळा आला, मले कोणी आणलं नाई. सासूनं चॉकलेटी शालू घेतला, तवा त्याची फॅशन होती म्हणे. फोटोत मी भाजल्या वांग्यासारखी दिसतो. मले जांभळा पायजे होता. कोणी विचारलंच नाई, त सांगू कोणाले?"

आत्याचा हात लाल पदरावर तसाच राहिला.

"पोरगी आपल्या तोंडानं 'हा नको, तो पायजे' म्हणते, ते मले ऐकायचं हाय. त्याच्यासाठी पायजे मले काम, पोटासाठी नाई. अन् टिकलीचं म्हणसान, त ती मले लय आवडते. लावीन तवा माझ्या मर्जीनं लावीन. तुमचं गिऱ्हाईक फसवाले नाई लावणार."

"काकू, मागची खोली..." शेठ पुटपुटला.

"मागं नाई बसत मी." तिनं घडी आचलसमोर ठेवली आणि गादीवरून उतरली. "उद्या येतो परत. हेच विचाराले."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. पायरीवर वऱ्हाडाच्या चपलांत तिची एक सापडली, दुसरी सापडेना. ती वाकून शोधत होती तेव्हा काचेतून सहज आत लक्ष गेलं.

कागदाच्या कडेला आचल दिसत होती. जांभळा पदर तिनं स्वतःच खांद्यावर घेतला होता. आत्या हातवारे करून काहीतरी सांगत होती, लाल शालू पुढं करत होती. आचलची मान हलत होती. नाही. परत नाही. तिचे ओठही हलत होते, पण काचेतून आवाज बाहेर येत नव्हता.

एका पायात चप्पल घालून नलू तापलेल्या पायरीवर तशीच उभी राहिली.