धार लावणाऱ्या डॉटची लांब कात्री

मित्रांनो, साडेतीन फूट लांबीची कात्री तुम्ही पाहिली आहे का? मी तशी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मिलर्स फोर्क या गावात दुकान उघडो की कारखाना, त्याची लाल फीत मीच कापत आले.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पोलादातून मला स्टॅन वाव्रेक यांनी घडवले. सुऱ्यांना आणि करवतींना धार लावण्याचे त्यांचे दुकान होते. "नुसती दाखवायची असेल तर पुठ्ठ्याची करा. माझी कात्री कापणार!" असे त्यांनी नगराध्यक्षांना ठणकावले होते. ते गेल्यावर दुकान त्यांची मुलगी डॉट चालवू लागली. समारंभाच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे जायची. ती मला धार लावायची, पात्यांमधल्या खिळ्यात तेल सोडायची, आणि एक पैसा घ्यायची नाही. फोटो मात्र माझे छापून यायचे.

एके वर्षी गावाने धंदा वाढवणाऱ्यांना दहा वर्षांची करसवलत जाहीर केली. डॉटला नवे यंत्र घ्यायचे होते, दोन माणसे ठेवायची होती. अर्ज तपासणार होता गावच्या कचेरीतला साहेब ग्रेडी, शाळेत तिच्याच बाकावर बसणारा. त्याच्या कचेरीच्या भिंतीवर टांगलेली मी सारे ऐकत होते.

"सातव्या प्रश्नाला 'नाही' लिही," तो म्हणाला.

डॉटने चष्मा लावून वाचले. "सवलत मिळाली नाही, तरी तुम्ही ही वाढ कराल का? अरे, करीनच की! गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"तसं लिहायचं नसतं गं. दुसऱ्या राज्यात जाईन म्हणायचं."

"कुठे जाऊ? बाबांना त्या टेकडीवर पुरलंय. आणि खोटं लिहिलं, तर तूच हसशील. गणिताच्या पेपरात मी तुला बरोबर उत्तरं दाखवायचे, ते विसरलास वाटतं?"

तिने ठसठशीत 'हो' लिहिले. अर्ज फेटाळला गेला. कारण एका ओळीचे: अर्जदार तसेही इथेच राहणार आहेत.

त्याच महिन्यात बाहेरून खोक्यांचा एक कारखाना आला. त्यांनी 'नाही' लिहिले होते. सवलत मिळाली, जमीनही मिळाली. फीत कापायला मी हवी होते, म्हणून ग्रेडी मला घेऊन डॉटकडे गेला. तिने नेहमीसारखी धार लावली. मी एका झटक्यात फीत कापली आणि टाळ्या पडल्या. मित्रांनो, तो आवाज मला आजही नकोसा होतो. जिने मला धार दिली, तिच्याच विरुद्ध मी ती वापरली होती.

डॉटने यंत्र घेतले, बोलल्याप्रमाणे. कर तिने पुरा भरला. कारखाना काहीच भरत नव्हता, म्हणून शाळेसाठी गावाचा कर वाढला. तोही तिने भरला. तिचा जुना कारागीर जास्त पगारावर कारखान्यात गेला. आठव्या वर्षी दुकानाला कुलूप लागले. सवलत संपली त्या वर्षी कारखानाही उठला आणि शेजारच्या राज्यात गेला. तिथेही कोणी फीत कापली असेलच.

मी तोवर भिंतीवर गंजत होते. रिकाम्या इमारतीत नवी कंपनी येणार असे ठरले, तेव्हा ग्रेडीला माझी आठवण झाली. मला काखोटीला मारून तो डॉटच्या घरी गेला. ती ओट्यावर शेंगा सोलत होती.

"एवढी धार लावून दे, डॉट. उद्या समारंभ आहे."

"लावते की. आधी एक सांग. मी धार लावली नाही, तरी समारंभ होईल का?"

ग्रेडी हसला. "म्हणजे काय! पाहुणे यायचेत. तो होणारच!"

"म्हणजे 'हो' लिहू ना?" डॉटने शेंगांची टोपली उचलली. "मग तुमचा अर्ज नियमात बसत नाही, साहेब." आणि आत जाऊन तिने दार लावून घेतले.

दुसऱ्या दिवशी फीत माझ्या पात्यांत नुसती चुरगळली. शेवटी टेबलावरच्या कागद कापायच्या कात्रीने ती कापली. मला गाडीच्या डिकीत टाकले.

मित्रांनो, मी अजून त्या डिकीतच आहे. माझा गंज काढा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या गावात डॉटसारखे कोणी असेल, आणि ते कुठे जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर तेवढ्यावरून त्याचा अर्ज बाजूला सारू नका. माझी पाती तिने घासली होती, आणि तिच्यासाठी मी एकदाही फीत कापली नाही.