गवताच्या गंजीतली मात्रोना

युरोपभर टीव्हीवर दिसणाऱ्या त्या गाण्यांच्या स्पर्धेत त्या वर्षी देशाकडून आम्हाला पाठवायचं ठरलं. आम्ही देशाच्या कोपऱ्यातल्या सेतोमा भागातल्या, एकत्र गाणाऱ्या सात बायका. राजधानी टालिनहून तार्वो नावाचा दाढीवाला अधिकारी आला आणि ओक्सेच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "मंचावर सहाच माणसं चालतात. एक कमी करा."

"मला वगळ," मात्रोना म्हणाली.

"ती नसेल तर मीही नाही," ओक्से म्हणाली.

ओक्से आमची म्होरकी. ओळ ती उचलते, आम्ही मागून धरतो. ऐंशीला टेकलीय आणि तिसऱ्या कडव्याला हमखास अडते. तिथे मात्रोना मागून शब्द पुरवते. एरवी दोघी एकमेकींशी धड बोलत नाहीत, पण चाळीस वर्षं असंच चाललंय.

मात्रोनाने जरा विचार केला. "माणसं सहा. सामान किती चालतं?"

सामानाला मर्यादा नव्हती.

प्लास्टिकच्या गवताची गंजी बनवून घेतली, आत स्टूल ठेवलं. तार्वोने फॉर्मवर लिहिलं: गंजी, एक. वजन एकशे चार किलो.

"गवत इतकं जड कसं, असं विचारतील," तो म्हणाला.

"ओलं आहे म्हणून सांग," मी म्हणाले.

रंगीत तालमीला तपासनीस आला. उंच, अतिशय नम्र माणूस. गवत पेट घेतं का बघायला त्याने काडी ओढली.

"बाबा रे, लांब धर ती," गंजी म्हणाली.

तपासनिसाने शांतपणे काडी विझवली, नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या बराच वेळ वाचलं.

"प्राण्यांना बंदी आहे. हा प्राणी आहे का?"

"नाही," तार्वो म्हणाला.

"मंचावर स्वतःच्या पायांनी येते?"

"चार हमाल उचलून आणतात."

"मग सामानच," असं म्हणून त्याने गवत बाजूला सारलं आणि मात्रोनाच्या एप्रनवर 'आगीपासून सुरक्षित' असा स्टिकर चिकटवला.

प्रत्यक्ष कार्यक्रमात ओक्से तिसऱ्या कडव्याला अडली. गंजीतून शब्द आले, पण प्लास्टिकमुळे तिला ऐकू गेले नाहीत. मात्रोनाने आवाज चढवला, तरी ओक्से गप्पच. शेवटी मात्रोनाने ओळच उचलली. ओळ उचलली की धरायची, एवढंच आम्हाला ठाऊक. आम्ही पाचजणी गंजीच्या मागून गायला लागलो. ओक्सेने वळून गवतावर हात ठेवला आणि तीही आमच्यात मिसळली.

सव्वीस देशांत आमचा नंबर बाविसावा आला. तो आवाज कुणाचा, असं पत्रकारांनी विचारल्यावर "तांत्रिक करामत," असं तार्वोने सांगितलं.

परतताना विमानात ओक्से म्हणाली, "पट्टी फार वरची घेतलीस."

"आत उकडत होतं," मात्रोना म्हणाली. एवढंच बोलणं झालं.

पुढच्या वर्षी नियमांच्या पुस्तकात एक नवं कलम आलं: सामानाने गाऊ नये. तार्वोने फोन करून ते वाचून दाखवलं. मात्रोनाने पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग फोन ओक्सेच्या हातात दिला आणि म्हणाली, "हिलाही ऐकव."